बिननावाची सायकल आणि बिनपाटीचा गाळा

सायकल कोणत्या कंपनीची आहे ते सांगणार नाही. जे नाव पुसून घ्यायला मी पदरचे ४,३०० रुपये मोजले, ते इथे फुकटात कशाला छापू?

किती ठिकाणी होतं ते मात्र सांगते, कारण मोजलं होतं. खालच्या जाड नळीवर दोन्ही बाजूंना एकेक आणि पोटाखाली एक. दांड्यावर दोन. सीटखालच्या नळीवर एक, हँडलखाली कपाळावर एक. पुढच्या चिमट्याच्या दोन पायांवर दोन, मागे चाकाशेजारच्या नळ्यांवर दोन. नुसत्या फ्रेमवर अकरा झाली. मग रिमवर आठ स्टिकर, टायरवर चार, सीटवर दोन, मुठींवर दोन, हँडलच्या मानेवर एक. कुणाचं ना कुणाचं नाव, एकूण २८ वेळा.

मी मुद्रितं तपासते. सत्तावीस वर्षं हेच काम. अक्षर समोर आलं की वाचलं जातंच, ही आमच्या धंद्यातली खोड. लोकलमधली साखळी ओढण्याची सूचना मी अजून रोज वाचते, आणि तिच्यातला ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ रोज नव्याने टोचतो. मुलुंड पूर्वेला आमच्या मजल्यावर पॅसेजमध्येच सायकल उभी असते. पहाटे दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की पहिलं दर्शन त्या नावाचं. काळ्या फ्रेमवर पोपटी, उजवीकडे कललेली, वाऱ्याने फाटल्यासारखी अक्षरं. सायकल भिंतीला टेकून उभी, आणि अक्षरं आपली धावताहेत.

माहेरी वस्तूंवर नावं नव्हती असं नाही. उलट प्रत्येक भांड्यावर होतं. पण ते मालकाचं, नाहीतर देणाऱ्याचं. आईच्या लग्नातल्या पितळी डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव, ‘हिस मामांकडून सप्रेम भेट’, खाली तारीख. डबा कुठल्या कारखान्यातला, हे कुणी कधी विचारलं नाही.

वडिलांची सायकल हिंद. ही वरळीतच बनायची. वरळीला हिंद सायकल रोड आहे ना, तो त्या कारखान्यावरून. पुढे सरकारने कारखाना ताब्यात घेतला, त्याचं नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन झालं, मग तेही बंद पडलं. सायकल गेली, कंपनी गेली, नाव रस्त्याला चिकटून राहिलं. वडील लोअर परळला गिरणीत होते. त्यांच्या सायकलच्या चेनकव्हरवर नाक्यावरच्या पेंटरने पांढऱ्या ऑइलपेंटने ‘श्री’ काढलं होतं आणि खाली वडिलांचं नाव, आडनावासकट. कंपनीचा पितळी बिल्ला पुढे होता. तो वर्षभर काळा पडलेला असायचा. दसऱ्याला आई चिंच लावून घासायची, झेंडूचा हार पडायचा आणि तेवढा एक दिवस कंपनीचं नाव वाचता यायचं. एवढं पुरेसं आहे, असं माझं मत.

जुन्या कंपन्यांना नाव लिहिण्याची रीत होती, हे कबूल करायला हवं. बीएसएच्या पेडलच्या चक्रात बी, एस, ए ही अक्षरंच पत्र्यात कोरून काढलेली असायची. म्हणजे पेडल मारलं की अक्षरं फिरायची. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी. ते नाव पुसायचं म्हटलं तर सायकलच मोडावी लागेल. नाव असं यंत्रातच मुरलेलं असेल तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती स्टिकरबद्दल.

आणि स्टिकर एवढे मोठे का झाले, तेही मला आमच्या सायकलवाल्याकडे चार महिने चकरा मारून कळलं. पूर्वी फ्रेम लोखंडाची, म्हणजे स्टीलची. नळी इंच-सव्वा इंचाची, बोटांच्या चिमटीत येईल अशी. तिच्यावर लिहून लिहून किती लिहिणार? मग ॲल्युमिनियम आलं. ते वजनाला स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याचं, पण ताठपणाही तिसऱ्याच हिश्श्याचा. बारीक नळी केली तर सायकल लचकेल, म्हणून नळ्या फुगवाव्या लागल्या. अमेरिकेतल्या कॅननडेलने १९८३ पासून अशा जाड नळ्यांच्या सायकली विकायला काढल्या आणि मग सगळीकडे तेच झालं. नळी फुगली तशी भिंत मिळाली, आणि मोकळी भिंत दिसली की आपल्याकडे काय होतं ते मुंबईकरांना सांगायला नको.

असो. नाव जिथे पुसून घेतलं त्या गाळ्याकडे वळते.

आमच्या सायकलवाल्याने आधी सांगितलं, “ताई, स्टिकर वरवरचे असते तर ड्रायरने गरम करून ओढून काढले असते. हे लॅकरच्या खाली आहेत. घासायला गेलात तर रंगही जाईल.” म्हणजे पूर्ण रंग उतरवून पावडर कोटिंग, दुसरा इलाज नाही. त्याने भांडुप पश्चिमेला एलबीएस रस्त्याच्या आतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा सांगितला. मी नाव विचारलं तर म्हणाला, नाव नाही. मला वाटलं आठवत नसेल. जाऊन पाहिलं तर खरंच पाटी नाही. शटरवर खडूने गाळा नंबर, बस. ज्या दुकानात नावं पुसायला जायचं त्याला स्वतःचं नाव नाही, हे मला फार आवडलं. पुढे जो त्रास झाला तो अर्धा मी या एका गोष्टीसाठी माफ केला.

आत खिडक्यांच्या ग्रिल, जिममधली यंत्रं, कुठल्याशा शाळेच्या बाकांचे पंचवीस-तीस सांगाडे आणि त्यांत कोपऱ्यात दोन सायकली. मालक पन्नाशीचे, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मी फ्रेम दाखवली. त्यांचा पहिला प्रश्न, “मग नवीन स्टिकर कुठला टाकायचा?”

“कुठलाच नाही.”

“नाही म्हणजे, पोरं येतात ना, ती साधी सायकल आणतात आणि लाखाच्या कंपनीचं नाव टाकून द्या म्हणतात. आम्ही प्रिंटवाल्याकडून आणून देतो. नाव काढून न्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच.”

रंग निवडायला त्यांनी पंख्यासारखी उघडणारी आरएएलची पट्टी दिली. ही जर्मन रंगक्रमांकांची पद्धत १९२७ पासूनची. क्रमांक सांगितला की जगात कुठेही तोच रंग मिळायला हवा. मी ६००५ निवडला, गडद शेवाळी हिरवा, चमक कमी. भाव ठरला २,८०० : जुना रंग उतरवणं, सँडब्लास्टिंग म्हणजे वाळूचा मारा, आणि नवा रंग, फ्रेम आणि चिमटा दोन्हींना. माझा चिमटा साधा स्टीलचा आहे म्हणून जमलं. सस्पेन्शनवाला असेल तर तो भट्टीत जाऊ शकत नाही, आतलं रबर आणि तेल कामातून जातं. कार्बनच्या फ्रेमवाल्यांनी तर तिकडे फिरकूच नये. तिच्यातली राळ एवढी उष्णता सोसत नाही, तिला साधा स्प्रेचाच रंग. सायकल सुटी करणं आणि पुन्हा जोडणं आमच्या सायकलवाल्याकडे, १,५०० रुपये, ओव्हरऑइलिंगसकट.

मी हट्टाने काम बघायला थांबले. सँडब्लास्टिंगच्या खोलीत जाऊ दिलं नाही, पण फ्रेम बाहेर आली ती राखाडी, खरखरीत, पावसाळ्याआधीच्या कातळासारखी. नाव नाही, रंग नाही. मला तशीच घरी न्यावीशी वाटली. भाऊंनी वेड्यात काढलं. मग पोराने ती तारेने हुकाला टांगली आणि पिस्तुलातून पावडर मारायला घेतली. पावडरीला विजेचा भार दिलेला असतो आणि फ्रेम अर्थिंगला जोडलेली. त्यामुळे समोरून मारलेली पावडर नळीला वळसा घालून पाठीमागेही जाऊन बसते. ते बघताना मजा वाटते. रांगोळी आपणहून उडून उंबऱ्याला चिकटावी तसं. बोट लावलं असतं तर पुसली गेली असती. मग भट्टी, दोनशे अंशांच्या आसपास. दाराच्या फटीतून बघितलं तर पिठूळ हिरवा हळूहळू ओला दिसायला लागतो. पावडर वितळून पसरते आणि एकजीव होते. ब्रशचा फराटा नाही, ओघळ नाही.

हे सगळं मी बघितलं ते मात्र अकराव्या दिवशी. कबूल केले होते चार. रोज फोन केला की एकच उत्तर, “आज नक्की.” सातव्या दिवशी खरं कारण कळलं. पावडरीचा रंग बदलायचा म्हणजे सगळा बूथ आणि पिस्तूल साफ करावं लागतं, एका सायकलसाठी ते परवडत नाही. म्हणून ते त्याच रंगाचं दुसरं काम येण्याची वाट बघत होते. काळा किंवा पांढरा निवडला असता तर दुसऱ्या दिवशी मिळाली असती. शेवटी कुणाच्या तरी बाल्कनीच्या ग्रिलसाठी हिरवा आला आणि माझी सायकल त्या ग्रिलसोबत एका भट्टीतून निघाली. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी ग्रिलवाल्याची वाट शांतपणे बघितली असती. रोज ‘आज नक्की’ ऐकून डोकं फिरतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. पेडलचा कणा बसतो त्या आडव्या नळकांड्याला आतून आटे असतात. मेकॅनिक त्याला बीबी म्हणतात. पावडर मारायच्या आधी तिथे उष्णता सोसणारी टेप किंवा सिलिकॉनचं बूच लावायचं असतं. यांनी डाव्या बाजूला लावलं, उजव्या बाजूला विसरले. जोडताना आमच्या सायकलवाल्याने जे शब्द काढले ते कुठल्याच शुद्धलेखनकोशात नाहीत. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून आटे साफ करण्यात त्याचा अर्धा दिवस गेला. वर पैसे मागितले नाहीत, मीच शंभरची नोट ठेवली. त्याच नळकांड्याच्या खाली फ्रेमचा नंबर ठोकलेला असतो. तोही पावडरीने निम्मा भरला, आता नखाने चाचपावा लागतो. सायकल चोरीला गेली तर पोलीस तक्रारीत तोच विचारतात. माझ्याकडे बिल आहे आणि आधी काढलेला फोटो आहे. तुम्ही रंगवायला देणार असाल तर तो फोटो आधी काढा आणि नंबरावर टेप लावायला सांगा. वॉरंटीचंही बघून घ्या. मूळ रंग उतरवला की बहुतेक कंपन्या फ्रेमची वॉरंटी मानत नाहीत. माझी संपलेलीच होती.

रिमवरचे आठ स्टिकर मी घरीच काढले. लेकीचा हेअर ड्रायर, जुनं एटीएम कार्ड आणि एक रविवार. स्टिकर निघाले पण चिकटा राहिला, तर त्याला खोबरेल तेल लावलं. डब्यांवरची लेबलं मी अशीच काढते. संध्याकाळी सायकल घेऊन सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर निघाले आणि ब्रेक दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. माझे ब्रेक रिमला धरणारे आहेत आणि रिमला मी तासभर प्रेमाने तेल चोळलं होतं. वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची होती म्हणून मी फाटकाशी थांबले. वॉचमन खुर्चीत नव्हता, ही त्याची पुण्याई. मग मेडिकलमधून स्पिरिट आणून दोन्ही रिम तीनदा पुसल्या, ब्रेकच्या गुटक्या पॉलिश पेपरवर घासल्या. चूक संपूर्ण माझी, गाळ्याचा संबंध नाही.

आता मुख्य प्रश्न, दिसते कशी?

पहिले दोन दिवस मी दार उघडून नुसती बघत बसायची. पहाट, पॅसेजमधला पिवळा दिवा, आणि हिरवी, गप्प सायकल. वाचायला काही नाही. डोळ्यांना इतका आराम पंचांगाचं काम संपल्यावरच मिळतो.

तिसऱ्या दिवशी नळी दिसली. म्हणजे आधी मी नाव बघत होते, त्यामुळे नाव ज्याच्यावर लिहिलंय ते कधी बघितलंच नव्हतं. खालची नळी भलती जाड आहे. गच्चीवरून पावसाचं पाणी खाली आणणारा पाइप असतो ना, तसा. मधेच चपटी, मधेच फुगीर. सांध्यांवर वेल्डिंगच्या वळ्या, शंकरपाळ्याच्या कडेसारख्या. मूळ रंगात ती पोपटी अक्षरं तिरकी टाकून त्या जाडीचे दोन तुकडे केले होते, वर काळा, खाली करडा, म्हणून ती नजरेत भरत नव्हती. ज्या कुणी ते डिझाइन केलं होतं त्याने विचार केला होता, हे मला नाव पुसल्यावर कळलं. पानावरचा ठळक मथळा काढला की खालची चुकलेली मांडणी उघडी पडते, तसंच हे. समोरून सायकल अजून सुंदर दिसते. बाजूने, खरं सांगते, थोडी बोजड.

मुलगा म्हणाला, “आई, महापालिकेच्या बागेतला बाक वाटतो.” त्याचं म्हणणं, नाव नको तर रंग तरी ओळखू येईल असा हवा. मिलानच्या बियांकीचं उदाहरण त्याने दिलं. १८८५ पासूनची कंपनी, आणि तिचा तो फिकट हिरवट-निळा रंग असा की अक्षरं खरवडून टाकली तरी लांबून कळतं. मला ते पटत नाही. मग रंगच नाव झाला की. पण पोराचं वाचन बरं आहे.

मला विचाराल तर नाव पुसून शोभते ती बारीक, गोल नळीची सायकल. चर्चगेटबाहेर डबेवाल्यांच्या काळ्या सायकली बघा. कंपनीचं नाव उडून किती वर्षं झाली कोण जाणे. अक्षरं आणि खुणा आहेत त्या सगळ्या डब्यांच्या झाकणांवर, कुठून आला, कुठे उतरायचा, कुठला मजला. सायकलवर काही नाही, आणि काही कमीही वाटत नाही. जाड ॲल्युमिनियमवाल्यांनी मात्र पूर्ण कोरी करण्याआधी दोन रंगांचा विचार करावा. किंवा कपाळावर धातूचा छोटा बिल्ला ठेवावा. मी कपाळावरचंही काढलं, तिथे आता जरा ओकंबोकं दिसतं, कुंकू पुसल्यासारखं. ही उपमा आईसमोर दिली नाही.

एक गंमत अपेक्षेबाहेरची. मला वाटलं होतं, नाव गेलं की लोकांच्या चौकशा थांबतील. उलटं झालं. आधी लोक नाव वाचायचे आणि गप्प बसायचे. आता ऐरोली पुलावर रविवारी थांबले की कुणीतरी येतंच. कुठली कंपनी? किती गिअर? केवढ्याला? एका गृहस्थांनी तर सायकलला प्रदक्षिणा घातली, वाकून पोटाखाली बघितलं आणि “इम्पोर्टेड असणार” असं स्वतःलाच सांगून निघून गेले. दुसरीकडे, सायकलवाल्याला सहज विचारलं की बदल्यात दिली तर किती येतील, तर तो म्हणाला आधीपेक्षा हजार-दीड हजार कमी धरा, नाव नाही तर गिऱ्हाइकाला काय सांगू? विकायची नाही म्हणून मी निश्चिंत आहे. तुम्हाला दोन वर्षांत विकायची असेल तर हा उद्योग करू नका.

गाळ्याला गुण द्यायचे तर रंगकामाला पाचपैकी साडेचार. आख्खा एक पावसाळा गेला, कुठे पोपडा नाही, फक्त चेन आपटते तिथे नखाएवढा टवका. वेळ पाळण्याला एक. आटे आणि नंबर यांच्याबद्दल शून्य, पण पुन्हा गेले तर मी स्वतः टेप घेऊन जाईन. कसं जायचं ते नीट सांगता येणार नाही. एलबीएसच्या आत शिरा आणि पाटी नसलेलं शटर शोधा.

गेल्या आठवड्यात सायकलला स्टीलची नवी घंटी घेतली. कोरी होती, कंपनीचं नाव डब्यावरच होतं, डबा टाकून दिला. घंटी घेऊन मी बाजारात भांडेवाल्याकडे गेले. तो अजून नाव घालून देतो, हल्ली विजेच्या पेनाने. माझं नाव सांगितलं. त्याने घंटी उलटसुलट करून बघितली, पेन सुरू केलं आणि सवयीने विचारलं, “कोणाकडून?”

“कोणाकडून नाही, माझीच आहे.”

तो क्षणभर थांबला. मग नाव घातलं, आणि मी नको म्हणेपर्यंत खाली तारीखही घालून मोकळा झाला. तीस रुपये घेतले. नावात ‘शी’ दीर्घ हवी होती, ती ऱ्हस्व पडली आहे.